फोटोतली किल्ली

"किल्ली हातात आली की आधी मूठ मिटायची. मग पुढचं बोलायचं."

बाबांचं हे सांगणं धाकटीनं इतक्यांदा ऐकलं होतं, की घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी व्हावी तसं ते तिला ऐकू येईनासं झालं होतं. गिऱ्हाईक किल्ली पुढे करायचं, बाबा ती उचलता उचलताच मूठ मिटायचे आणि मुठीतूनच ती शेगड्यापर्यंत, म्हणजे किल्ली घट्ट धरणाऱ्या लोखंडी पकडीपर्यंत, न्यायचे. किल्ली शेगड्यात आवळून कानस चालवायला लागले, की दुकानातल्या सगळ्यांकडे त्यांची पाठ. एकदा एका गिऱ्हाइकानं चिडून विचारलं होतं, "अहो, माझीच किल्ली माझ्यापासून काय लपवता?"

"तुमच्यापासून नाही," बाबा म्हणाले होते, "तुमच्या मागे उभे आहेत त्यांच्यापासून."

मागे उभे होते ते त्या गिऱ्हाइकाचे सासरे. दोघेही पुन्हा दुकानात फिरकले नाहीत.

दोघी बहिणी लहान असताना बाबांनी याचा खेळ केला होता. क्षणभर किल्ली दाखवायची, मूठ मिटायची आणि म्हणायचं, "सांगा!" किल्लीच्या पात्यावर पाच खाचा असतात आणि प्रत्येक खाच किती खोल यावरून तिला एक ते सहा आकडा. थोरली मनाशी मोजून सावकाश सांगायची. धाकटी बाबांची बोटं मिटायच्या आत पाचही आकडे सांगून मोकळी. "हिचे डोळे चोराचे आहेत," बाबा हसत म्हणायचे, "बरं झालं, आपल्या घरात जन्मली." मग हसू आवरून म्हणायचे, "तुला जे एका नजरेत दिसतं, ते दुसऱ्या कुणालाही दिसू शकतं. म्हणून मूठ."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. दुकान दोन हात पसरले तर भिंतींना लागतील एवढंच. एका भिंतीवर कोऱ्या, खाचा न कापलेल्या किल्ल्या ओळीनं टांगलेल्या, दुसऱ्या भिंतीवर कुलपं, मधे शेगडा आणि बाबांची कानस. बाबा गेल्यापासून थोरलीनं एक नेम धरला होता. शटर वर घेतलं की त्या कानशीसमोर हात जोडायचे आणि दिवसाची पहिली किल्ली कापून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी कारण विचारलं तर किल्ली झाल्यावर सांगायची, "पहिली किल्ली देवाच्या साक्षीनं व्हावी. गप्पा मारता मारता नको." गिऱ्हाइकांना सवय झाली होती. सकाळचं दोघींचं बोलणं एकट्या धाकटीच्या वाट्याला यायचं, आणि तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी दुकान अगदी बसायला आलं होतं. ऑनलाइन मागवलेली कुलपं खोक्यात बंद होऊन लोकांच्या दारात यायला लागली, तेव्हा या बोळकंडीत कोण येणार? तेव्हा धाकटीनं दुकानाचं पेज काढलं. कुठे नवं कुलूप बसवलं की ती फोटो काढायची: तळहातावर नवीकोरी किल्ली, मागे दार. खाली गिऱ्हाइकाचं नाव जोडायचं, ठिकाण टाकायचं, दोन गोड ओळी लिहायच्या. आपण कुठे कुठे काम करतो हे दिसल्याशिवाय लोक बोलावणार कसे? आणि लोक बोलवायला लागले. शेजारच्या रस्त्यावरचे, मग पुलापलीकडचेही. बारा दारं झाली होती पेजवर. थोरलीचा फोन जुना, बटणांचा. "तुझं तू बघ," एवढंच ती म्हणाली होती.

त्या दिवशी शटर वर गेलं, थोरलीनं हात जोडले आणि फडकं घेऊन किल्ल्यांच्या पाट्या पुसू लागली. पहिलं गिऱ्हाईक यायचं होतं. आला तो कानसदादा.

कानसदादा म्हणजे बाबांचा जुना शिष्य. पुलापलीकडे त्याचं स्वतःचं दुकान. जीभ इतकी खरखरीत, की त्याचं खरं नाव बाजारात कुणालाच आठवत नसे. पेजमुळे त्याची गिऱ्हाइकं इकडे वळली तेव्हापासून तो रुसला होता. वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं.

"काय ताईसाहेब, मौन चालू? बरंच आहे. मला बोलायचंय, तुम्ही ऐका. आणि धाकटे, तूही गप्प बस जरा. फुकटचं पुण्य लागेल."

"दादा, भांडायला आला असाल तर पहिली किल्ली होऊ द्या. ताई बोलत नसली की मला एकटीला भांडायला मजा येत नाही."

"भांडायला नाही आलो गं." तो स्टुलावर बसला. नेहमीसारखा पाय हलवत नव्हता, हे धाकटीच्या तेव्हाच लक्षात आलं. "काल संध्याकाळी दुकानात एक माणूस आला. नीटनेटका, शर्ट खोचलेला. म्हणाला, मावशी गावाला गेलीय, किल्ली हरवली, पण फोटो आहे, फोटोवरून करून द्या. फोन पुढे केला. मी म्हटलं, किल्ली आण नाहीतर मावशी आण. तो हसला आणि चालता झाला. पण फोटो मी पाहिला ना."

"मग?"

"किल्लीच्या टोकाला तिरका काप होता."

पाटीवरचं फडकं थांबलं. तो काप बाबांचा. म्हाताऱ्या, थरथरत्या हातांना किल्ली भोकात सहज घालता यावी म्हणून ते प्रत्येक किल्लीचं टोक किंचित तिरकं घासून द्यायचे. आता तो काप फक्त थोरली द्यायची.

"बारा वर्षं शिकलो तुमच्या बाबांकडे, मला काही जमला नाही तो," कानसदादा म्हणाला. "किल्ली ताईसाहेबांच्या हातची आहे. आणि ज्या तळव्यावर ठेवलीय तो तळवा हिचा. अंगठ्याशेजारी भाजल्याचा डाग आहे बघ."

धाकटीनं नकळत अंगठा आत वळवला. "माझ्या फोटोत किल्लीच असणार दादा. किल्लीवाल्यांच्या पेजवर काय टोपल्यांचे फोटो टाकू?"

"दाराचा टाक, कुलपाचा टाक, स्वतःच्या तोंडाचा टाक. चोर घाबरून पळतील."

"आणि फोटोवरून कुणी किल्ली करतं का? एवढीशी तर दिसते ती!"

"निळं दार होतं मागे," कानसदादा म्हणाला. "पितळी आकडा, सात."

निळं दार, पितळी सात. बाई.

बाई म्हणजे तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. आता निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरी चोरी झाली. नेलं फारसं काही नाही, पण बाईंची झोप नेली. त्यानंतर त्या दाराला आतून खुर्ची लावून झोपायच्या आणि एकही रात्र घर सोडून राहायच्या नाहीत. दूर राहणाऱ्या मुलीला बाळ झालं तरी जायला तयार नव्हत्या. शेवटी धाकटीच त्यांच्या मागे लागली. चांगलं कुलूप बसवून दिलं, नवी किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "जा बाई. परत याल तेव्हा घरातला चमचासुद्धा जागचा हललेला नसेल. माझा शब्द." त्या शब्दावर बाई पहिल्यांदा घराबाहेर पडल्या होत्या. महिनाभरासाठी.

थोरलीनं हात पुढे केला. धाकटीनं पेज उघडून फोन दिला. तिचा सगळ्यांत आवडता फोटो होता तो. सकाळचं ऊन तिरपं पडलेलं, तळहातावर चकचकीत किल्ली, मागे निळं दार, त्यावर सात. वर इमारतीचं आणि रस्त्याचं नाव, बाईंचं नाव, आणि ओळ: 'आमच्या लाडक्या बाईंच्या दाराला नवं कुलूप. आता निर्धास्त!'

थोरलीनं काही बोलणं शक्यच नव्हतं. तिनं फोन शेगड्याजवळच्या डब्याला टेकून उभा केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, पाटीवरून एक कोरी किल्ली उतरवली आणि शेगड्यात आवळली.

"ताई, काय करतेस? अगं, नुसत्या फोटोवरून नाही होत. माप लागतं, यंत्र लागतं. बाबासुद्धा..." धाकटी बोलत राहिली. कानस चालू लागली. पितळेचा चुरा थोरलीच्या मांडीवरच्या कापडावर पडू लागला. "आणि लोक काय म्हणतील, पेजवर नुसती दारं? दोनशे लोकांना आवडलाय तो फोटो..."

बोलता बोलता तिची नजर फोनवर गेली आणि जीभ थांबली. मोठ्या केलेल्या फोटोतले आकडे तिला आपोआप दिसले. दोन, चार, एक, पाच, तीन. लहानपणी बाबांच्या बोटांतून दिसायचे तसेच, एका नजरेत. हा फोटो तिनं शंभरदा पाहिला होता. ऊन कसं पडलंय ते पाहिलं होतं, कोपरा कसा आलाय ते पाहिलं होतं, कुणाकुणाला आवडला ते पाहिलं होतं. किल्ली तेवढी वाचली नव्हती.

थोरलीनं टोकाला तिरका काप दिला, किल्ली शेगड्यातून काढली आणि मूठ मिटली. दिवसाची पहिली किल्ली झाली होती.

"बाईंना फोन लाव," ती म्हणाली.

"आत्ता? आधी आपण जाऊन बघू तरी. उगाच तिकडे त्यांच्या जिवाला घोर..."

"त्यांचं घर आहे, छोटे. आधी त्यांना."

फोन दुसऱ्याच घंटीला उचलला गेला. "बोल गं. बाळ आत्ताच झोपलंय, मी हळू बोलते, तू मोठ्यानं बोल."

धाकटीनं सांगितलं. शाळेत फळ्यासमोर उभं राहून गणित सोडवावं तसं, एकेक पायरी, काही न गाळता. फोटो, किल्ली, कानसदादाकडे आलेला माणूस, आत्ता थोरलीनं कापलेली किल्ली.

"घरात कुणी शिरलंय का?"

"माहीत नाही बाई. तुम्ही हो म्हणालात तर आत्ता जाऊन कुलूप बदलतो."

"थांब. मी घरी नाही हे त्याला कसं कळलं? तू लिहिलंस?"

"नाही. मी फक्त तुमचं नाव जोडलं होतं."

बाईंनी मुलीकडे तिचा फोन मागितल्याचं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "त्या नावावर बोट ठेवलं की माझं पान उघडतं. आत्ता उघडून बघतेय मुलीच्या फोनवर. परवाचा फोटो आहे. तळ्याकाठी मी, मांडीवर बाळ. खाली या गावाचं नाव. आणि वर मी लिहिलंय, आता महिनाभर इथून हलणार नाही." त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे दार कुठलं आणि किल्ली कशी, ते तू सांगितलंस. आत कुणी नाही, ते मी सांगितलं. त्या माणसानं नुसती बेरीज केली."

"बाई, चूक माझी आहे. मी तुम्हाला शब्द..."

"चुकांची वाटणी मागाहून करू. आधी कुलूप. जा."

कानसदादा स्टूल ओढून शेगड्यासमोर बसला. "दुकान मी बघतो. तुमची गिऱ्हाइकं पळवायची अशी संधी पुन्हा कधी मिळायची?" दोघी हत्यारांची पिशवी घेऊन निघाल्या. मागून तो ओरडला, "आणि पोलीस चौकीत कळवा! मी येईन सांगायला, कसा दिसत होता ते!"

बाईंची इमारत दहा मिनिटांच्या वाटेवर. तिसरा मजला, निळं दार. दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीत, गुडघ्याच्या उंचीवर, एक घडी केलेला जाहिरातीचा कागद खोचलेला होता. इतर कुणाच्या दाराला नव्हता.

"दार उघडलं की तो खाली पडतो," थोरली म्हणाली. "पडलेला नाही म्हणजे घरात कुणी येत-जात नाही. हेच तपासायला कुणीतरी तो खोचून गेलंय." तिनं मूठ उघडून फोटोवरून केलेली किल्ली धाकटीपुढे धरली. "लाव."

"तू लाव ना ताई."

"नाही. तू."

धाकटीनं आयुष्यात शेकडो दारं उघडली होती, किल्ली हरवलेल्यांची, मुलं आत अडकलेल्यांची. किल्ली भोकात सहज गेली, तिरक्या कापामुळे तर आणखीच सहज. एकदा फिरवली आणि दार उघडलं. कुठे अडलं नाही, कुरकुरलं नाही. कागदाची घडी पायाशी पडली.

घर जसंच्या तसं होतं. ओट्यावर पालथी घातलेली एक कपबशी. टेबलावर शब्दकोडं, अर्धं सोडवलेलं. आणि ती खुर्ची, जी रोज रात्री दाराला लागायची, ती खिडकीखाली नेऊन ठेवलेली आणि तिच्यावर कुंडी. बाईंनी जाण्यापूर्वी स्वतः उचलून ठेवली असणार. आता दाराला हिची गरज नाही, असं ठरवून. धाकटी त्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. डोळे भरून आले, ते तिनं बाहीला पुसले, कारण स्क्रू दिसणं गरजेचं होतं.

थोरली आतल्या खोलीत खिडक्यांच्या कड्या तपासायला गेली. धाकटीनं गुडघे टेकले, दार अर्धवट लावून घेतलं, पट्टी काढली, मधला स्क्रू सोडवला आणि जुनं सिलिंडर, म्हणजे ज्यात किल्ली फिरते तो कुलपाचा गाभा, ओढून काढलं. नवं पिशवीतच होतं, जाड, सहा खाचांच्या किल्लीचं. ते बसवून तिनं स्क्रू पिळला, एकदा, दोनदा, आणि शेवटचा पीळ देत असतानाच जिन्यावर पावलं वाजली. हलकी, न घाई करणारी.

माणूस वर आला. नीटनेटका, शर्ट खोचलेला. काखेत पुठ्ठ्याचं एक खोकं, पण त्यावर ना पत्ता ना चिठ्ठी. उजव्या हातात, दोन बोटांत धरलेली किल्ली. मूठ त्यानं मिटली नव्हती. जिना चढून आल्यावर समोर गुडघ्यावर बसलेलं कुणी आणि उघडं दार दिसेल, असं त्याला वाटलं नसावं.

"पार्सल होतं," तो म्हणाला. "हे सातच ना?"

धाकटी उठून उभी राहिली. तिचे डोळे आपलं काम करून मोकळे झाले होते.

"दोन, चार, एक, पाच, तीन," ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्या हातातल्या किल्लीवर आहे ते वाचतेय. तिसरी खाच जरा जास्तच घासलीय, ज्यानं केली त्याचा हात बसलेला नाही." तिनं डावा हात पुढे केला. त्यात ओढून काढलेलं जुनं सिलिंडर होतं. "ती किल्ली याची. हे आता दाराला नाही. लावून बघायची असेल तर इथे माझ्या हातातच लावून बघा, भाऊ."

त्याचा चेहरा बदलला नाही. फक्त किल्ली खिशात गेली. तेवढ्यात आतून थोरली आली, हातात मोठा पाना. ती एक शब्द बोलली नाही. गप्प राहण्याचा तिला सराव होता. माणूस एक पायरी उतरला, मग दुसरी, आणि मग पावलांनी घाई केली.

धाकटी भिंतीला टेकली. "ताई, मी त्याला 'हात बसलेला नाही' म्हटलं. चोराला!"

"ऐकलं मी," थोरली म्हणाली. "बाबा असते तर हेच म्हणाले असते. चल, चौकीत जायचंय."

चौकीतल्या हवालदारानं सगळं लिहून घेतलं, कानसदादानं सांगितलेलंही. फोटो बघायला मागितला तेव्हा तो जरा संकोचला. "हे पेज तर मीही बघतो हो. मागच्या महिन्यात एक पिवळं दार होतं ना? छान होतं." मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो कान खाजवत म्हणाला, "म्हणजे, बघणारे आणखीही असतील."

आणखीही असतील. हे वाक्य घेऊन धाकटी दुकानात परतली. तिनं पेजवरचे बाराही फोटो पुसले. पण कानसदादाकडे आलेल्या माणसाच्या फोनमध्ये तो फोटो होताच. बाकीचे अकरा कुणाकुणाच्या फोनमध्ये असतील, हे कुणी सांगावं?

कानसदादा अजून बसलेलाच होता. "झालं ना? पुसलेस ना? मग आता गप्प बस. अकरा घरी सांगत सुटलीस, की तुमच्या किल्लीचा फोटो मी जगाला दाखवला, तर उद्या कोण दारात उभं करेल? कुलूपवाल्याकडे लोक कुलूप घ्यायला येत नाहीत धाकटे, भरवसा घ्यायला येतात. तो गेला की शटर खाली. हे मी वैरी म्हणून नाही सांगत."

"माहीत आहे दादा."

"ताईसाहेब, तुम्ही सांगा हिला."

थोरली जुन्या सिलिंडरमधला पितळी चुरा ब्रशनं झाडत होती. "सांगायचं की नाही ते तिनं ठरवायचंय," ती म्हणाली.

संध्याकाळी धाकटीनं बाईंना फोन लावला. चमचा जागचा हललेला नाही, कुंडीला पाणी घातलंय, नवी किल्ली थोरलीच्या मुठीत आहे, सगळं सांगितलं. बाईंनी तळ्याकाठचा फोटो काढून टाकला होता. "परत आल्यावर टाकीन," त्या म्हणाल्या. "बाळ तेव्हाही तेवढंच गोड असेल." मग विचारलं, "अशी आणखी किती दारं आहेत?"

"अकरा."

"त्यांना कोण सांगणार?"

कानसदादानं मान खाली घातली होती.

"मी," धाकटी म्हणाली. "एकेकाच्या दारात जाऊन. फोनवर नाही. आणि प्रत्येकाचं कुलूप बदलून देईन. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही तरी."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं, बाई. उद्यापासून."

"हे उत्तर बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी थोरली आली तेव्हा शटर वर होतं आणि धाकटी आधीच आत होती. तिनं कागदावर अकरा दारं लिहिली होती, नावं नाहीत, पत्ते नाहीत, फक्त रंग. पिवळं, हिरवं, लाकडी, जाळीचं. पहिलं दार होतं रुग्णालयातल्या नर्सबाईंचं, ज्या सकाळी सातला ड्यूटीवर निघतात आणि घर संध्याकाळपर्यंत रिकामं असतं. दुकानात सिलिंडरं चारच शिल्लक होती. तिनं चारही पिशवीत भरली. स्क्रूंची डबी, पाना, तेलाची कुपी. थोरली तिच्याकडे बघत होती, पण तिची पहिली किल्ली अजून व्हायची होती. तिनं फक्त बाबांची कानस उचलली, फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत वरच्या बाजूला ठेवली.

धाकटीलाही बोलायचं होतं. नर्सबाई रागावल्या तर काय म्हणायचं ते विचारायचं होतं. एरवी तिनं तासभर चर्चा केली असती. आज तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कानशीच्या रिकाम्या जागेसमोर हात जोडले. नर्सबाईंच्या नव्या सिलिंडरची किल्ली पिशवीतून काढून उजव्या हातात घेतली, मूठ मिटली, आणि सातच्या आत पोचायचं म्हणून रस्त्याच्या कडेकडेनं चालू लागली.